खालची हवा तापत असताना वरची हवा निवते आहे, ती का?

रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या अनेकांनी गेल्या काही वर्षांत कधीतरी हे दृश्य पाहिले असेल. सूर्य मावळून थोडा वेळ झालेला असतो, पश्चिमेचा उजेड पुरता विझलेला नसतो, आणि तेवढ्यात डोक्यावरून एकामागे एक असे ठिपके, कोणी मण्यांची माळ ओढत न्यावी तसे, निमूट सरकत जातात. मोबाइल बाहेर निघतात, चित्रफिती इकडून तिकडे जातात आणि हे नेमके काय होते, असा प्रश्न दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरही निघतो. ते नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह असतात. मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना आकाशातल्या अशा चालत्या ठिपक्यांवरून 1979 सालचा जुलै महिना आठवतो. अमेरिकेची स्कायलॅब ही सत्तरहून अधिक टन वजनाची प्रयोगशाळा तेव्हा पृथ्वीवर कोसळणार होती, आणि ती कोठे पडेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. अखेर 11 जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले.

स्कायलॅब अपेक्षेपेक्षा लवकर पडली, याचे कारण सूर्यात होते. त्या काळात सूर्य अंदाजापेक्षा अधिक सक्रिय झाला, त्याच्या तीव्र किरणांनी अतिउंचावरची विरळ हवा तापून फुगली आणि ती हवा स्कायलॅबच्या वाटेत अधिक दाटपणे आडवी येऊ लागली. आज त्या उंचीवर याच्या उलट दिशेने एक संथ बदल चालू आहे. तेथील हवा थंड होत आहे आणि आकसत आहे. या बदलामागे कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जमिनीलगतची हवा तापवणारा तोच वायू आहे. एकच वायू खाली तापवतो आणि वर निववतो, हे प्रथम ऐकताना विसंगत वाटते, म्हणून ते मुळापासून समजून घेतले पाहिजे.

कोल्हापूर ते मुंबई, पण उभ्या रस्त्याने

वातावरणाच्या थरांची उंची नुसत्या आकड्यांतून डोळ्यांसमोर उभी राहत नाही. त्यासाठी आपल्या ओळखीचा रस्ता उभा करून आकाशाला टेकवला आहे, अशी कल्पना करू. कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगराला जायला जेवढे अंतर पडते, साधारण तेवढ्या उंचीवर आपल्या भागात वातावरणाचा सर्वांत खालचा थर, म्हणजे तपांबर संपते. ढग, पाऊस, वारा, वळीव, धुके हे सारे याच थरातले. सांगलीइतके अंतर वर गेलो की स्थितांबर संपते. ओझोनचा थर या स्थितांबरात आहे. त्यापुढे बेळगाव येण्याच्या थोडे अलीकडे, म्हणजे 85 ते 90 किलोमीटरवर, मध्यांबर संपते. त्यावर जे पसरले आहे त्याला शास्त्रज्ञ थर्मोस्फिअर म्हणतात. आपण त्याला उष्मांबर म्हणू. मुंबईइतके अंतर वर गेलो, की सुमारे 400 किलोमीटरवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक फिरताना भेटते, आणि तेही अजून उष्मांबरातच असते.

या रस्त्यावर हवा सारखी वाटलेली नाही. सांगलीपर्यंत पोहोचेतो एकूण हवेच्या वजनापैकी 99.9 टक्के हवा मागे पडलेली असते. उरलेल्या एक हजारांशाहून कमी हवेत मध्यांबर आणि उष्मांबर बसतात. ही हवा इतकी विरळ आहे की उष्मांबराचे तापमान हजार अंशांच्या घरात जात असले, तरी तेथे ठेवलेल्या वस्तूला त्याचा चटका बसणार नाही, कारण चटका देण्याइतके कण तिच्यापाशी पोहोचतच नाहीत. तापमान म्हणजे कणांची धावपळ. ऊब मिळण्यासाठी मात्र धावणारे कण पुरेशा संख्येने अंगावर यावे लागतात. उष्मांबर थंड होते आहे, याचा अर्थ तेथील कणांची धावपळ मंदावते आहे, एवढाच घ्यायचा आहे.

दाटीत एक वागणूक, मोकळ्यावर दुसरी

सूर्यप्रकाशाने तापलेली जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने परत आकाशाकडे सोडते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. तव्याजवळ हात नेल्यावर न शिवताही जी धग जाणवते, तिच्यात तेच असतात. हवेत सर्वाधिक असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना जवळजवळ अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मात्र त्यांतले ठरावीक किरण शोषून घेतो आणि थरथरू लागतो. या थरथरीतून तो दोन प्रकारे मोकळा होऊ शकतो: तेवढीच ऊर्जा पुन्हा किरणाच्या रूपाने फेकून, किंवा शेजारच्या रेणूला धक्का देऊन. कोणता मार्ग त्याच्या वाट्याला येतो, हे भोवतीच्या गर्दीवर ठरते.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गर्दीत महाद्वाराजवळ उभे राहिले, की आपण पाऊल उचलण्याआधीच चारी बाजूंनी खांद्याला खांदे लागतात. जमिनीलगतच्या हवेत रेणूंची अवस्था तशीच असते. तेथे एका रेणूला सेकंदाला काही अब्ज टकरा सोसाव्या लागतात, तर किरण फेकून मोकळे व्हायला कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला सरासरीने सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. साहजिकच शोषलेली ऊर्जा तो शेजाऱ्यांना वाटून टाकतो आणि सगळी हवा तापते. एखाद्या रेणूने किरण वर फेकलाच, तरी वरच्या दाटीत दुसरा रेणू तो अडवतो. उष्णता अशी अडखळत, हातोहात वर जाते आणि तिचा काही भाग पुन्हा जमिनीकडे परततो.

मध्यांबरात आणि त्याच्याही वर गर्दी ओसरलेली असते. तेथील हवेला ऊर्जा मुख्यतः सूर्याच्या अतिनील किरणांपासून मिळते. ते किरण शोषणारे ओझोन आणि ऑक्सिजन तापतात आणि त्यांची धावपळ वाढते. या धावत्या कणांपैकी एखादा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूवर आदळला, की तो रेणू थरथरू लागतो. पण पुढची टक्कर व्हायला अवकाश असल्यामुळे त्याला किरण फेकायला सवड मिळते. वर त्या किरणाला अडवणारे जवळजवळ काहीच नसल्याने तो थेट अंतराळात निघून जातो. शेजाऱ्याची उष्णता घ्यायची आणि बाहेर फेकायची, हे काम तेथे हा रेणू करतो. असे रेणू जितके अधिक, तितकी उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते.

या ठिकाणी मला गुऱ्हाळाची आठवण होते. चुलवाणात चिपाडाचा जाळ भडकत असतो, काहिलीतला रस मळी काढून काढून पिवळाजर्द झालेला असतो, गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का हे पाहतो, आणि वेळ भरली की माणसे काहील उचलून गूळ वाफ्यात ओततात. काहिलीत खोल साठलेला तो रटरटणारा गूळ वाफ्यात पसरताच त्यावरची चकाकी काही वेळातच मंद होते आणि तो घट्ट होऊ लागतो. गूळ तोच असतो, फक्त उष्णता सोडायला त्याला ऐसपैस पृष्ठभाग मिळालेला असतो. उंचावरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडची भर पडते, तेव्हा त्या हवेचा उष्णता सोडण्याचा असा पृष्ठभागच जणू वाढतो.

हरितगृह वायूंना वाकळेची उपमा देण्याची पद्धत आहे, आणि वाकळेमुळे ऊब आत राहिली म्हणून बाहेर गारठा, असे वरच्या थंडीचे स्पष्टीकरणही कधी कधी वाचायला मिळते. तपांबरासाठी ती उपमा पुरेशी आहे. वरच्या थरांसाठी ती अपुरी पडते. खालून येणारी उष्णता अडली म्हणून वरची हवा मुख्यतः थंड होत नाही, तर स्वतःची उष्णता बाहेर टाकण्याची तिची क्षमता वाढल्याने ती थंड होते. हा फरक बारीक असला, तरी पुढचे सारे त्यावर उभे आहे.

हे भाकीत जुने आहे

1967 मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी वातावरणाचा एक उभा स्तंभ गणितात मांडला आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला. तेव्हा तपांबर तापले आणि स्थितांबर थंड झाले. मानाबे यांना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हवामानाच्या गणिती प्रतिकृतींचे हेच काम होते. पुढे 1989 मध्ये रेमंड रोबल आणि रॉबर्ट डिकिन्सन यांनी आणखी वरच्या थरांचे गणित केले. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन दुप्पट झाले, तर मध्यांबर सुमारे 10 अंशांनी आणि उष्मांबर सुमारे 50 अंशांनी थंड होईल, असे त्यांचे उत्तर आले. खाली दोन-तीन अंशांची चर्चा चालू असताना वर पन्नास अंश, हे प्रमाण विलक्षण आहे. पण विरळ हवेत साठलेली उष्णता मुळातच थोडी असल्याने तिचे तापमान लवकर बदलते.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 रेणू होते. आता ते 420 च्या पुढे गेले आहेत. म्हणजे दुपटीचा निम्मा पल्ला आपण गाठला आहे, आणि गणिताने सांगितलेली चिन्हे दिसत आहेत. डिसेंबर 2001 मध्ये सोडलेल्या नासाच्या टाइम्ड उपग्रहावरील उपकरणाने मध्यांबर आणि त्यावरील हवा थंड होऊन आकसत असल्याचे टिपले आहे. स्थितांबराची जाडी 1980 नंतर सुमारे 400 मीटरनी घटल्याचे अभ्यास आहेत. आपल्याजवळचे काम म्हणजे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतील गुफ्रान बेग यांच्या पुढाकाराने मध्यांबराच्या तापमानाच्या जगभरातील नोंदींचा आढावा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. अग्निबाण, रडार आणि प्रकाशकिरणांच्या साहाय्याने घेतलेल्या विखुरलेल्या नोंदी एकत्र मांडण्याचे हे काम अवघड होते आणि आजही संशोधक त्याचा आधार घेतात.

आकसली, म्हणजे हवा गेली कोठे?

ती कोठेही गेलेली नाही. शेंगांचे पोते तोंडापर्यंत भरून जमिनीवर चारदा आपटले, की शेंगा खाली बसतात आणि तोंडाशी रिकामी जागा उरते. शेंग एकही कमी झालेली नसते, पण पूर्वी जेथे हाताला शेंगा लागत होत्या तेथे आता काही लागत नाही. वातावरणाचेही तसेच आहे. खालपासून वरपर्यंत प्रत्येक थंड थर थोडा थोडा बसला, की सगळ्यांची बेरीज सर्वांत वर दिसते, आणि 400 किलोमीटरसारख्या ठरावीक उंचीवर हवा विरळ होत जाते. तेथील घनता दर दशकाला साधारण दोन ते तीन टक्क्यांनी घटत असल्याचे कित्येक दशके फिरणाऱ्या जुन्या उपग्रहांच्या आणि तुकड्यांच्या कक्षांवरून काढता आले आहे. हवेचा अडथळा जितका कमी, तितकी कक्षा सावकाश खाली येते, आणि त्यावरून हवा किती होती याचा हिशेब उलटा मांडता येतो.

हे सूर्यामुळे होत नसेल कशावरून?

हा प्रश्न योग्य आहे, आणि स्कायलॅबच्या गोष्टीनंतर तो मनात यायलाच हवा. सूर्याची सक्रियता सुमारे 11 वर्षांच्या चक्राने वाढते आणि उतरते, आणि त्यासोबत उष्मांबराची घनता कित्येक पटींनी वरखाली होते. फेब्रुवारी 2022 मध्ये सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी 38 उपग्रह एका सौर वादळात वरची हवा फुगल्यामुळे कक्षेत टिकू शकले नाहीत. अशा उलथापालथीत दशकाला दोन-तीन टक्क्यांची घट ओळखायची कशी?

पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर चढते आणि उतरते, ते आपण रोज फुटांत वाचतो. नदीच्या पाण्यात दीर्घकाळात काही फरक पडला आहे का, हे मात्र पुराच्या दिवसांवरून कळत नाही. त्यासाठी दरवर्षीच्या उन्हाळ्यातली नीचतम पातळी एकमेकींशेजारी मांडावी लागते. संशोधक सूर्याच्या बाबतीत हेच करतात. सूर्य सर्वांत शांत असतो त्या वर्षांची हवा मागच्या शांत वर्षांच्या हवेशी ताडून पाहतात आणि सूर्याच्या फरकाचा वाटा गणिताने वेगळा काढतात. तो काढल्यावरही घट शिल्लक राहते.

दुसरा पुरावा मला अधिक निर्णायक वाटतो. सूर्य प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर वरचे थरही तापले असते, कारण सूर्याचे किरण प्रथम त्यांनाच भेटतात. प्रत्यक्षात तपांबर तापते आहे आणि त्यावरचे थर थंड होत आहेत. हा ठसा सूर्याच्या बोटाचा नाही. ज्यांना तापमानवाढीमागे माणूस असल्याची शंका वाटते, त्यांनी जमिनीवरच्या तापमापकांपेक्षा आधी या उंचीवरच्या नोंदी पाहाव्यात, असे मी आवर्जून सांगेन.

ओझोनचा मुद्दाही येथे येतो. ओझोन घटल्यामुळे स्थितांबराचा खालचा भाग थंड झाला होता, हे खरे आहे. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनला घातक रसायनांवर बंधने आली आणि तो थर हळूहळू सावरत आहे; तरीही त्याच्या वरच्या भागांतील थंडी वाढतच आहे. तिचा मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडकडे जातो.

जड वायू इतक्या वर पोहोचतो कसा?

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आहे, जुन्या विहिरीत तो तळाशी साचतो, मग तो शंभर किलोमीटरवर कसा जाईल, असे मला एका शाळेतल्या व्याख्यानानंतर एका मुलीने विचारले होते. विहिरीत हवा स्थिर असते, म्हणून तो साचतो. मोकळ्या वातावरणात वारे, लाटा आणि भोवरे सारी हवा सतत घुसळत असतात, आणि या घुसळणीत जड-हलके यांचा भेद साधारण 80 ते 100 किलोमीटरपर्यंत फारसा टिकत नाही. त्यावर मात्र घुसळण थांबते, वायू आपापल्या वजनाप्रमाणे वेगळे होऊ लागतात आणि कार्बन डायऑक्साइड झपाट्याने कमी होतो. तरी जेवढा उरतो तेवढा उष्णता फेकायला पुरतो. तेथेही त्याचे प्रमाण वाढते आहे, हे उपग्रहांनी मोजले आहे.

विरळ हवा आणि न पडणारा कचरा

आता परिणामांकडे वळू. हवा विरळ झाली तर उपग्रहांना अडथळा कमी, इंधन कमी, आयुष्य जास्त; मग बिघडले कोठे, असे वाटू शकते. चालत्या उपग्रहांपुरता हा फायदा खराही आहे. पण कक्षेत चालते उपग्रह थोडे आणि बंद पडलेले उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे भाग आणि त्यांचे तुकडे फार आहेत. 10 सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांचीच संख्या तीस हजारांच्या पुढे आहे, आणि ते ताशी सुमारे 27,000 किलोमीटर वेगाने फिरतात. या कचऱ्याला खाली ओढून जाळून टाकणारा एकच नैसर्गिक झाडूवाला आहे, आणि तो म्हणजे उष्मांबरातली ही विरळ हवा.

तिचे काम उंचीवर अवलंबून असते. 27 मार्च 2019 रोजी भारताने मिशन शक्तीमध्ये आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तेव्हा मुद्दाम 300 किलोमीटरच्या आसपासची खालची कक्षा निवडली होती, जेणेकरून बहुतेक तुकडे लवकर पडून जळतील. याउलट 10 फेब्रुवारी 2009 रोजी इरिडियम 33 आणि कॉसमॉस 2251 हे उपग्रह सुमारे 790 किलोमीटरवर एकमेकांवर आदळले, त्याचे पुष्कळसे तुकडे अजून फिरत आहेत. हवा आणखी विरळ झाली, तर असे तुकडे आणखी रेंगाळतील, टकरींची शक्यता वाढेल आणि प्रत्येक टक्कर नवे तुकडे जन्माला घालील. मार्च 2025 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी याचा हिशेब मांडला: हरितगृह वायूंचे उत्सर्जन चढेच राहिले, तर पृथ्वीलगतच्या कक्षांत सुरक्षितपणे सामावू शकणाऱ्या उपग्रहांची संख्या 2100 पर्यंत निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक, 66 टक्क्यांपर्यंत, घटू शकते. भात कापणीच्या तोंडावर मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहणारा राधानगरीचा शेतकरी आणि वादळाचा इशारा ऐकून बंदरात परतणारा रत्नागिरीचा मच्छीमार हे दोघेही या कक्षांमधल्या उपग्रहांवर अवलंबून आहेत.

वरची थंडी खाली येऊन आपल्याला दिलासा देईल का, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: नाही. तेथील हवा वजनाने नगण्य आहे आणि ती ज्या कारणाने निवते, त्याच कारणाने खालची हवा तापते.

कोल्हापुरातून वर पाहताना

या विषयाचा आपल्या गावाशी थेट संबंध आहे, आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे एक रडार आहे. ते सुमारे 2 मेगाहर्ट्झचे रेडिओ तरंग वर सोडते आणि 60 ते 100 किलोमीटरच्या पट्ट्यातून परतणाऱ्या अतिशय क्षीण तरंगांवरून तेथल्या वाऱ्यांचा वेग आणि दिशा काढते. फुगे या पट्ट्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि उपग्रह एवढ्या खाली टिकत नाहीत, म्हणून जमिनीवरून केलेल्या अशा निरीक्षणांना पर्याय थोडे आहेत. येथून अंधाऱ्या रात्री सबंध आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने हवेचा स्वतःचा मंद प्रकाशही नोंदवला जातो. त्यातली हिरवी आभा 97 किलोमीटरच्या आसपासची, तर तांबडी सुमारे 250 किलोमीटरवरची असते. हे रडार कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. पण थंड होणाऱ्या थरांत वारे आणि लाटा कशा वागतात, हे त्याच्यासारख्या दीर्घ नोंदींशिवाय कळणार नाही.

सूर्य 2008-09 मध्ये शांत होता आणि नंतर 2019 मध्ये. पुढचा शांत काळ 2030 च्या आसपास अपेक्षित आहे. तेव्हा उष्मांबराची नवी नीचतम पातळी मोजली जाईल आणि मागच्या दोन नोंदींशेजारी मांडली जाईल.